सूर्याच्या चुंबकीय पसाऱ्यात पृथ्वी

सूर्य म्हटला की डोळ्यांसमोर येतो तो आकाशातील तळपता गोळा. प्रत्यक्षात सूर्याचा पसारा त्या गोळ्याच्या काठाशी संपत नाही. त्याचे चुंबकीय क्षेत्र नेपच्यूनलाही ओलांडून अब्जावधी किलोमीटर पसरलेले आहे. या प्रदेशाला ‘हेलिओस्फिअर’ म्हणतात आणि आपली पृथ्वी त्याच्या अगदी आतल्या भागात, सूर्याच्या अंगणातच म्हणा हवे तर, फिरत असते.

हे क्षेत्र इतक्या दूर वाहून नेतो तो सौरवात. सूर्याभोवतीच्या प्रभामंडळाचे तापमान दहा लाख अंशांच्या घरात असल्याने तेथील विद्युतभारित वायू गुरुत्वाकर्षणाला न जुमानता सेकंदाला ३०० ते ८०० किलोमीटर वेगाने बाहेर पडत राहतो. शिकागो विद्यापीठातील युजीन पार्कर यांनी १९५८ मध्ये हा सिद्धांत मांडला, तेव्हा दोन्ही परीक्षकांनी त्यांचा निबंध नाकारला होता. ‘ॲस्ट्रोफिजिकल जर्नल’चे तत्कालीन संपादक सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनाही ही कल्पना फारशी रुचली नव्हती, पण गणितात चूक सापडत नाही, एवढ्या आधारावर त्यांनी निबंध छापला. संपादकाचा हा न्याय आजही दाद द्यावा असाच आहे. १९६२ मध्ये शुक्राकडे निघालेल्या ‘मरिनर-२’ यानाने हा वारा अखंड वाहत असल्याचे दाखवून दिले.

वायू सूर्यापासून सरळ दूर जातो. मात्र त्यात जखडलेल्या बलरेषांचे एक टोक सूर्यातच रुतलेले असते आणि सूर्य सुमारे २५ दिवसांत स्वतःभोवती एक फेरी घेतो. बागेतील फिरत्या फवाऱ्याच्या धारा जशा वळणदार दिसतात, तशा या बलरेषाही सर्पिलाकार होतात. पृथ्वीपाशी त्या सूर्य-पृथ्वी रेषेशी सुमारे ४५ अंशांचा कोन करतात. एका गोलार्धातील बलरेषांची दिशा सूर्यापासून दूर, तर दुसऱ्यातील सूर्याकडे असते. दोहोंच्या सीमेवर विद्युतप्रवाहाचा एक पातळ, अवाढव्य पडदा तयार होतो. सूर्याचा चुंबकीय अक्ष कललेला असल्याने हा पडदा गिरकी घेणाऱ्या नर्तकीच्या घेरदार घागऱ्यासारखा लाटा घेत राहतो आणि पृथ्वी कधी त्याच्या वर, तर कधी खाली येते. दर ११ वर्षांच्या सुमारास सूर्याच्या चुंबकीय ध्रुवांचीच अदलाबदल होते.

सूर्याची ही सत्ता ‘व्हॉयेजर-१’ने २५ ऑगस्ट २०१२ रोजी सुमारे १८ अब्ज किलोमीटरवर ओलांडली. ‘व्हॉयेजर-२’ नोव्हेंबर २०१८ मध्ये बाहेर पडले. सीमेपलीकडे विश्वकिरणांचा मारा ठळकपणे वाढलेला आढळला. आत तो बराचसा अडवला जातो.

पृथ्वीपाशी हे क्षेत्र सरासरी अवघे ५ नॅनोटेस्ला, म्हणजे होकायंत्राची सुई फिरवणाऱ्या पृथ्वीच्या क्षेत्राच्या तुलनेत हजारो पटींनी क्षीण. मग काळजी कशाची? दिशेची. सौरस्फोटातून सुटलेला ढग बळकट क्षेत्र घेऊन आला आणि त्याची दिशा दक्षिणेकडे असली, तर त्याच्या बलरेषा पृथ्वीच्या बलरेषांशी जोडल्या जातात आणि सौरवाताच्या ऊर्जेला वाट मिळते. मार्च १९८९ मधील अशा चुंबकीय वादळाने कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील ६० लाख लोकांची वीज सुमारे नऊ तास गेली. त्याहून भीषण वादळाची नोंद मुंबईत आहे. २ सप्टेंबर १८५९ रोजी कुलाबा वेधशाळेत पृथ्वीच्या क्षितिजसमांतर क्षेत्रात सुमारे १,६०० नॅनोटेस्लांची घट टिपली गेली. त्या वादळाचा अभ्यास करणारे आजही याच आकड्यांकडे वळतात. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून हे काम अलिबागला हलवण्यात आले.

सूर्यावरून ढग निघाल्याचे दुर्बिणींना दिसते. त्यातील क्षेत्राची दिशा मात्र तो यानापाशी येऊन थडकल्यावरच खात्रीने मोजता येते. ‘इस्रो’चे ‘आदित्य-एल१’ ६ जानेवारी २०२४ पासून पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर आहे आणि सहा मीटर लांबीच्या दांड्यावरील चुंबकमापकांनी हेच मोजते. तेथून पृथ्वी गाठायला नेहमीच्या सौरवाताला सुमारे एक तास लागतो. वेगवान वादळाला अर्धा तासही पुरतो. वीजवाहिन्या आणि उपग्रह सांभाळणाऱ्यांच्या हाती तेवढाच वेळ असतो.