भोर-वेल्ह्यातील पेहराव आणि इंग्रजी शब्द
पंतसचिवांचे भोर संस्थान १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले. राजगड आणि प्रचंडगड, म्हणजेच तोरणा, यांच्या पायथ्याच्या या मुलखात बाराबंदी, अर्थात बटणांऐवजी बंदांनी बांधायचा आखूड अंगरखा, धोतर, मुंडासे आणि पावसात अंगावर घ्यायची घोंगडी हा जुना पेहराव होता. कोट, शर्ट हे शब्द कापडाबरोबर आणि शिंप्यांच्या तोंडून मराठीत रुळले असल्यामुळे, २००० साली राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले तेव्हा येथील मुलांना ही नामे परकी नव्हती. खरी अडचण क्रियापदांची असते, कारण लुगडे नेसतात, सदरा घालतात, फेटा बांधतात, घोंगडी पांघरतात, आणि हा सूक्ष्म, मोलाचा भेद इंग्रजीतील ‘वेअर’ या एकाच क्रियापदात मावत नाही.