देवी, गोवर आणि शाळेतली मुलं

पीएचडीची तयारी करणारे मित्रमैत्रिणी मला वरचेवर एक गोष्ट विचारतात. "टॉपिक मिळालाय, पण प्रश्न सापडत नाही. काय करू?" आज एक टॉपिक घेऊनच हे सांगून बघते. टॉपिक असा : शाळेतल्या मुलांना संसर्गजन्य आजार आणि त्यांचा प्रतिबंध शिकवणं. ऐकायला तसा बेचव. पोस्टर, घोषवाक्यं, निबंध स्पर्धा, 15 ऑक्टोबरचा हात धुवा दिन... यात संशोधन काय करायचं?

पण इतिहासात मागे जाऊन एक साधा प्रश्न विचारून बघा. आजार रोखण्याच्या या सगळ्या खटाटोपात मुलाचं काम नेमकं काय होतं? उत्तर काळानुसार बदलत गेलेलं दिसतं. आणि ते का बदललं, हे त्या त्या आजाराच्या वेळापत्रकात लपलेलं आहे. मी विज्ञान शाखेतून आलेली, त्यामुळे मला हा दुसरा भाग जास्त भावला.

पहिला टप्पा : मुलाचा दंड

14 जून 1802 या दिवशी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली गेली. भारतात यशस्वी लसीकरण झालेली ती पहिली व्यक्ती. एडवर्ड जेनरने इंग्लंडमध्ये आपला प्रयोग केला 1796 मध्ये आणि तो छापून प्रसिद्ध केला 1798 मध्ये. म्हणजे अवघ्या चार वर्षांत लस मुंबईला पोचली, तीही बगदाद आणि बसऱ्याच्या वाटेने.

आता विचार करा, ती पोचली कशी? फ्रीज नव्हता, बर्फ नव्हता. दोऱ्यावर किंवा काचेवर वाळवलेली लस उन्हाळ्यात निकामी व्हायची. सगळ्यात भरवशाची पद्धत एकच होती. एका मुलाच्या दंडावर लस टोचायची, साधारण आठव्या दिवशी तिथे फोड भरला की त्यातला द्राव काढायचा आणि पुढच्या मुलाच्या दंडावर टोचायचा. ॲनाच्या दंडावरून मुंबईतल्या इतर मुलांना आणि तिथून पुढे देशाच्या इतर भागांत, अशी ही साखळी गेली. आपल्याकडे जखमेतून पाझरणाऱ्या द्रवालाही 'लस' म्हणतात आणि इंजेक्शनमधल्या औषधालाही 'लस'च म्हणतात. या शब्दातच तो जुना इतिहास शिल्लक आहे.

म्हणजे या टप्प्यात मुलाला कोणी काही शिकवत नव्हतं. मूल हे लसीची कुपी होतं.

इथे संशोधकाने जरा थांबायला हवं. मुंबई इलाख्याचे जुने सरकारी अहवाल वाचताना लोक अज्ञानी, अंधश्रद्धाळू, लस नको म्हणणारे, असा सूर वारंवार भेटतो. आपणही नकळत तसंच लिहून मोकळे होतो. पण आईच्या जागी उभं राहून बघा. परका माणूस येणार, मुलाच्या दंडाला चिरा देणार, आठ दिवसांनी परत येऊन तो फोड फोडणार आणि त्यातला द्राव कुणा अनोळखी मुलाच्या अंगात घालणार. उलट आपल्या मुलाच्या अंगात गेलेला द्राव कुणाचा, तेही माहीत नाही. त्यात जातीपातीचा विटाळ होताच. शिवाय दंडाकडून दंडाकडे जाताना दुसरे आजारही पसरू शकत होते, आणि ही भीती वैद्यकीयदृष्ट्या खरीच होती. 1877 च्या कायद्याने मुंबई शहरात मुलांना लस टोचणं सक्तीचं झालं, पण कायदा भीतीचं कारण काढून घेत नाही. पुढे वासराच्या कातडीवर लस वाढवायची पद्धत रुळली, तेव्हा कुठे मुलाचा दंड या कामातून सुटला.

घराची भाषा मात्र वेगळीच होती. अंगावर देवी 'आल्या' असं म्हणायचे, पाहुणी आल्यासारखं. दारात कडुलिंबाचा पाला, घरात सोवळं, बरं झाल्यावर देवीचं दर्शन. आमच्या रायगड जिल्ह्यात चौलला शितळादेवीचं देऊळ आजही आहे. या चालीरीतींमध्ये रोग्याला वेगळं ठेवणं, बाहेरच्यांची ये-जा कमी करणं हा भाग आपोआप येत होता. तेव्हा शाळेत जे शिकवलं गेलं, ते कोऱ्या पाटीवर लिहिलं गेलं नाही. मुलाला घरून आधीच एक धडा मिळालेला होता.

दुसरा टप्पा : मुलाचे डोळे

आता थेट 1970 च्या दशकात येऊ. 1974 मध्ये भारतात देवीचे 1 लाख 88 हजारांवर रुग्ण नोंदले गेले. त्यातले बहुतेक बिहारमध्ये होते. तोवर मोहिमेची पद्धत बदलली होती. सरसकट सगळ्यांना टोचत बसण्यापेक्षा रोगी शोधायचा आणि त्याच्या भोवतीच्या लोकांना तातडीने लस द्यायची. यासाठी रोगी लवकर सापडणं महत्त्वाचं. मग शोधायचा कुठे? बाजारात, आणि शाळेत.

जागतिक आरोग्य संघटनेने देवी आलेल्या बाळाचं चित्र असलेलं एक कार्ड तयार केलं होतं. शोधपथकं ते घेऊन वर्गात जायची आणि विचारायची, असं कुणी पाहिलंय का? इंडोनेशियात या पद्धतीचा आधीच चांगला अनुभव आला होता. मोठी माणसं रोगी लपवतात, पण दहा वर्षांच्या पोराला वाडीतलं प्रत्येक घर ठाऊक असतं. गावोगावच्या भिंतींवर गेरूने लिहिलेलं असायचं की देवीचा रोगी कळवणाऱ्याला हजार रुपये मिळतील. तुमच्या आजीआजोबांना विचारा, महाराष्ट्रातल्या कित्येकांना त्या भिंती आठवतात. भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण मे 1975 मध्ये सापडला आणि 1977 मध्ये देश देवीमुक्त जाहीर झाला.

ही पद्धत चालली कशामुळे? मुलं हुशार होती म्हणून नव्हे फक्त. देवीचा रोगी प्रामुख्याने पुरळ उठायला लागल्यानंतरच संसर्ग पसरवतो. त्याआधीचे दोन-चार दिवस तापाने अंथरुणात असतो. पुरळ चेहऱ्यावर आणि हातापायांवर दाट, बरं झाल्यावर वण राहतात. शिवाय संसर्गानंतर तीन-चार दिवसांच्या आत लस दिली तर ती बऱ्याचदा वाचवते. थोडक्यात, जेव्हा आजार दिसतो तेव्हा अजून वेळ गेलेली नसते. म्हणून 'बघा आणि सांगा' हा धडा कामाचा ठरला.

याची दुसरी बाजूही नोंदवायला हवी. मुलाने वर्गात बोट दाखवलं, की त्या घराच्या दारात पहारेकरी बसायचे. काही ठिकाणी लोकांना जबरदस्तीने लस टोचली गेली, हेही इतिहासकारांनी लिहून ठेवलेलं आहे. म्हणजे मूल एकाच वेळी आरोग्यदूतही होतं आणि खबऱ्याही.

तिसरा टप्पा : गोवराला हा धडा चालत नाही

देवी गेली. शाळेतला धडा मात्र बऱ्याच अंशी तसाच राहिला. आजाराची लक्षणं पाठ करा, रोगी ओळखा, दूर राहा. आता गोवराचं वेळापत्रक बघा. गोवराचं मूल पुरळ उठण्याच्या साधारण चार दिवस आधीपासून संसर्ग पसरवत असतं. तेव्हा त्याला नुसता ताप, सर्दी, खोकला, लाल डोळे. म्हणजे ते वर्गातच बसलेलं असतं! रोगी उठून गेल्यावरही त्या खोलीच्या हवेत विषाणू दोन तासांपर्यंत टिकू शकतो. लस न घेतलेल्यांच्या गर्दीत एका रोग्याकडून 12 ते 18 जणांना लागण होऊ शकते. इथे मुलाने पुरळ ओळखेपर्यंत उशीर झालेला असतो. गोवराला रोखायचं तर आधीच रोखावं लागतं, म्हणजे 95 टक्क्यांच्या आसपास मुलांना लसीचे दोन्ही डोस मिळालेले असावे लागतात.

रुबेला तर आणखी वेगळा. मुलाला किरकोळ ताप, बारीक पुरळ, चार दिवसांत मूल खेळायला मोकळं. खरा धोका गरोदर बाईच्या पोटातल्या बाळाला. म्हणजे इथे मूल लस घेतं ते मुख्यतः अजून जन्मालाही न आलेल्या कुणासाठी तरी.

महाराष्ट्रात 27 नोव्हेंबर 2018 ला गोवर-रुबेला लसीकरण मोहीम सुरू झाली. नऊ महिने ते पंधरा वर्षांपर्यंतची तीन कोटींहून जास्त मुलं तिच्या कक्षेत होती आणि सुरुवात झाली शाळांमधून. तरीही 2022 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मुंबईत गोवंडी भागात गोवराचा मोठा उद्रेक झाला. भिवंडी आणि मालेगावातही रुग्ण आढळले आणि काही बालकं दगावली. कोविडच्या काळात नेहमीचं लसीकरण चुकलेली आणि 2018 नंतर जन्मलेली ही लहान भावंडं शाळेच्या यादीत नव्हतीच.

मी राहते त्या सुकापूरला हे जवळून दिसतं. पनवेलच्या आसपास बांधकामं चालू, कामगार कुटुंबं सतत येतात-जातात. एका बाळाचा पहिला डोस एका राज्यात, दुसऱ्याची तारीख येईपर्यंत बिऱ्हाड भलतीकडेच. इथल्या एका शाळेत सहावीच्या मुलांशी बोलताना कळलं की त्यांना हात धुण्याच्या पायऱ्या तोंडपाठ आहेत. चांगलंच आहे. जुलाब, खरूज, डोळे येणं यांसाठी हात धुणं उपयोगाचं. पण गोवर हवेतून येतो, तो साबणाला फारसा जुमानत नाही. लहान भावाचं लसीकरण कार्ड कुठे ठेवलंय, हे मात्र एकदोघांनाच माहीत होतं.

माझ्या मते आजचा धडा इथून सुरू व्हायला हवा. कित्येक घरांत नीट वाचता येणारी पहिली व्यक्ती म्हणजे हे शाळकरी पोरच. कार्डावर 9 ते 12 महिन्यांचा आणि 16 ते 24 महिन्यांचा असे गोवर-रुबेलाचे दोन्ही रकाने भरलेत का, हे ते वाचू शकतं. रिकामा दिसला तर आईला सांगू शकतं की अंगणवाडीताईंना किंवा आशाताईंना विचार. आधी दंड, मग डोळे, आणि आता वाचन. त्यासोबत दोन साध्या गोष्टीही शिकवाव्यात : गोवर झालेल्या मुलाने पुरळ उठल्यापासून किमान चार दिवस शाळेत यायचं नाही, आणि कांजिण्यांच्या मुलाने सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत यायचं नाही.

मग संशोधनाचा प्रश्न कसा करायचा?

"सुकापूर परिसरातील विद्यार्थ्यांमध्ये संसर्गजन्य आजारांविषयी जागरूकता : एक अभ्यास" असं शीर्षक सिनॉप्सिसमध्ये टाकलं तर गाइड मान डोलावतील, पण हाती लागेल ती टक्केवारी. त्यापेक्षा असं विचारा : पाठ्यपुस्तक कोणत्या आजाराच्या बाबतीत मुलाला ओळखायला सांगतं, कोणत्या बाबतीत टाळायला, आणि ते त्या आजाराच्या संसर्गकाळाशी जुळतं का? आठवीच्या सामान्य विज्ञानात 'आरोग्य व रोग' हा धडाच आहे, तिथून सुरुवात करा. जुनी पुस्तकं मिळाली तर दशकानुसार तुलना होईल. मुंबईच्या पुराभिलेखागारात लसीकरणाचे जुने अहवाल आहेत. ते वाचताना प्रत्येक पानावर विचारा, इथे मूल काय करतंय आणि त्याला कुणी विचारलं होतं का?

हा शेवटचा प्रश्न तुम्हालाही लागू होतो. मुलांवर अभ्यास करायचा तर संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी आणि पालकांची संमती लागतेच. आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सात वर्षांपुढच्या मुलाचा स्वतःचा होकारही घ्यावा लागतो, बारापर्यंत तोंडी आणि त्यानंतर लेखी. ॲनाला कुणी विचारलं नव्हतं. तुमच्या प्रश्नावलीत मात्र पहिली ओळ तीच असू द्या. आणि एखाद्या मुलाने सांगितलं की घरी बाळाचा डोस राहिलाय, तर ती माहिती कुणाला, कशी सांगायची आणि कुणाला अजिबात सांगायची नाही, हे वर्गात पाऊल टाकण्याआधीच ठरवून ठेवा.