पागेची निगा आणि मोटारीची वही

जुन्नर तालुक्यातील बेल्हे येथील सोमवारच्या बैलबाजारात जो व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या होत आला, त्याचा आधार लेखणी नसून दृष्टी आणि स्पर्श हा होता. दात पाहून जनावर आदत, दुसा, चौसा की जुळलेले हे ठरवावयाचे, खांद्यावर हात फिरवून जुवाची जुनी जखम शोधावयाची, चार पावले चालवून लंगडेपणाचा संशय फेडून घ्यावयाचा आणि मग दलालाने उपरण्याखाली बोटे धरून किंमत ठरवावयाची, असा तो रिवाज. पावतीत विक्री उतरे. परंतु त्या बैलाने किती उन्हाळे नांगर ओढला, आजारात त्याची शुश्रूषा कशी झाली, हे विकणाराच्या तोंडून येईल तेवढेच. तरीही हा रिवाज टिकला, कारण विकणारा बहुधा पंचक्रोशीतला असे आणि खोटे बोलल्यास पुढच्या सोमवारी त्याला त्याच बाजारात उभे राहावे लागे.

जेथे अशी ओळख पुरेनाशी झाली, तेथे राज्यकर्त्यांना दफ्तर उघडावे लागले. घोड्यास दाग देण्याची आणि हुलिया म्हणजे ओळखीच्या खुणांचे वर्णन लिहून घेण्याची पद्धत अलाउद्दीन खिलजीने अमलात आणली व अकबराने ती पुन्हा चालू केली. पाहणीच्या दिवशी उमदा घोडा दाखवून मोहिमेत तट्टू आणण्याची लबाडी तिने रोखावयाची होती. ही ओळखीची नोंद होती, निगेची नव्हे. निगेचा विचार पाहावयाचा तर ज्यांचा जन्म याच जुन्नरच्या शिवनेरीवर झाला, त्या शिवाजी महाराजांच्या पागेकडे वळावे. बखरकार सभासदाने लिहिले आहे की पंचवीस बारगिरांवर एक हवालदार आणि त्यांच्यामागे एक पखालजी व एक नालबंद असे. बारगिराचा घोडा सरकारचा. म्हणून त्याचे पाणी आणि त्याची नाल या गोष्टी स्वाराच्या मर्जीवर न सोडता लष्कराच्या रचनेतच बसविल्या गेल्या. चिपळूणनजीकच्या छावणीस महाराजांनी पाठविलेल्या प्रसिद्ध पत्रातही पावसाळाभर दाणावैरण कशी पुरवावी याची जी काळजी आहे, ती मला त्यांच्या एखाद्या स्वारीइतकीच मोलाची वाटते.

मोटार आली आणि हुलियाचे काम नोंदणीपुस्तकाने उचलले. 1939 च्या व पुढे 1988 च्या मोटार वाहन कायद्याखाली चासीचा क्रमांक, इंजिनाचा क्रमांक आणि मालकाचे नाव सरकारदरबारी रुजू होऊ लागले. परंतु ते पुस्तक गाडी कोणाची हे सांगते. ती कशी वागविली गेली याविषयी ते मौन पाळते. नारायणगावच्या बाजारातून टोमॅटो भरून, क्षमतेहून अधिक भार घेऊन, माळशेज घाट उतरून कल्याणकडे धावलेली पिकअप आणि मंचरच्या आसपास घरच्या कामापुरती फिरलेली पिकअप, दोन्ही एकाच वर्षीच्या असल्या तर नोंदणीपुस्तकात सख्ख्या बहिणी दिसतात. क्लचप्लेट, ब्रेक लायनर आणि पाटे मात्र निराळीच हकीकत सांगतात.

म्हणून जुनी गाडी घेणाराने रंगाकडे पाहण्यापूर्वी दुरुस्तीच्या पावत्या मागाव्यात. मीटर मागे फिरवता येतो; पण सालोसालच्या पावत्यांवर चढत गेलेला किलोमीटरचा आकडा एकाएकी उतरलेला दिसला, की लबाडी तेथेच उघडी पडते. इंजिन ऑइल किती अंतराने बदलले, पाणी वारंवार कमी होत होते काय, एकाच बाजूचे टायर पुन्हापुन्हा का घातले, या लहान नोंदींतून इंजिनाचा ताप आणि चाकांचा वाकडेपणा प्रकट होतो. कंपनीच्या केंद्रात काम झाले असेल तर मालकाच्या संमतीने तेथील जुना तपशील पडताळता येतो. सरकारी जीपगाड्यांना लॉगबुक ठेवण्याचा जो दंडक आहे, तो खासगी मालकाने आपण होऊन पाळावा, असे मला मनापासून वाटते. प्रामाणिक विकणाराला आपल्या गाडीची चांगली किंमत मागण्यास त्याहून सबळ पुरावा नाही. आळेफाट्याच्या किंवा घोडेगावच्या छोट्या गॅरेजात छापील पावती मिळाली नाही, तर मिस्त्रीकडून कोऱ्या वहीत तारीख, किलोमीटर, बदललेला भाग आणि सही एवढे लिहून घ्यावे, आणि ती वही नोंदणीपुस्तकाबरोबरच नव्या मालकाच्या स्वाधीन करावी.