त्सावोचे दोन सिंह आणि अडीच हजार मृत्यू

१/ केनियातील त्सावो राष्ट्रीय उद्यानात सफारीला जाणाऱ्यांना १८९८ सालच्या दोन नरभक्षक सिंहांची गोष्ट सहसा ऐकवली जाते. गोष्ट खरी आहे. मात्र तिच्या छायेत एक फार मोठा हिशेब झाकला गेला आहे. हा थ्रेड त्या हिशेबाविषयी.

२/ आधी शब्द पाहू. स्वाहिलीतील ‘सफारी’ आणि मराठीतील ‘सफर’ या दोहोंचे मूळ एकच : अरबी ‘सफर’, म्हणजे प्रवास. वाफेच्या आगगाडीला स्वाहिलीत म्हणतात ‘गारी ला मोशी’, धुराची गाडी. त्यातील ‘गारी’ ही आपलीच ‘गाडी’. ती आफ्रिकेत कशी पोहोचली?

३/ कल्याणहून कसाऱ्याकडे निघालेली लोकल प्रथम शहाडला थांबते. याच मार्गाने थळ घाट चढून १८६५ साली रेल्वे इगतपुरीला पोहोचली. घाट फोडणे, पूल बांधणे, हजारो मजुरांच्या टोळ्या राबवणे यांचा दांडगा अनुभव ब्रिटिशांनी हिंदुस्थानात मिळवला. पुढे तो त्यांनी समुद्रापार नेला.

४/ १८९६ साली मोंबासाहून व्हिक्टोरिया सरोवराकडे ‘युगांडा रेल्वे’चे काम सुरू झाले. लांबी सुमारे ९३० किलोमीटर. रूळ हिंदुस्थानातल्यासारखेच मीटर गेजचे, चलन रुपया आणि मजूरही हिंदुस्थानी. बहुसंख्य पंजाबातले, कराराने बांधलेले. एकूण ३१,९८३.

५/ मार्च १८९८ मध्ये अभियंता जॉन हेन्री पॅटरसन त्सावो नदीवरील पुलासाठी दाखल झाला. त्यानंतर आयाळ नसलेले दोन नर सिंह रात्री काटेरी कुंपणे भेदून मजुरांना तंबूंतून ओढून नेऊ लागले. हे सुमारे नऊ महिने चालले.

६/ १ डिसेंबरला शेकडो मजुरांनी रुळांवर आडवे पडून गाडी थांबवली, तीत चढले आणि निघून गेले. काम तीन आठवडे ठप्प झाले. शिकारकथांत याला ‘पळ काढणे’ म्हणतात. श्रमिकांच्या इतिहासाचा अभ्यासक याला संप म्हणेल. जिवाची हमी नसलेल्या ठिकाणी राबण्यास त्यांनी दिलेला तो नकार होता.

७/ पॅटरसनने ९ आणि २९ डिसेंबरला दोन्ही सिंह मारले. परतलेल्या मजुरांनी त्याला चांदीचे पात्र भेट दिले. रोशन नावाच्या गवंड्याने या प्रसंगावर हिंदुस्थानीत काव्य रचले. पॅटरसनच्या १९०७ च्या पुस्तकात त्याचा अनुवाद आहे. एका मजुराचा स्वर आपल्यापर्यंत पोहोचला, तोही साहेबाच्या परिशिष्टातून.

८/ बळी किती? पुस्तकात २८ हिंदुस्थानी मजूर. पुढे पॅटरसननेच आकडा १३५ वर नेला. सिंहांची कातडी १९२४ साली शिकागोच्या फील्ड म्युझियमने विकत घेतली. त्यांच्या केसांच्या आणि हाडांच्या रासायनिक परीक्षणावरून २००९ साली संशोधकांनी सुमारे ३५ हा अंदाज मांडला. आफ्रिकी बळींची सरकारी नोंदच ठेवली गेली नव्हती, हे खुद्द पॅटरसन लिहितो.

९/ आता पूर्ण हिशेब. या रेल्वेवर २,४९३ हिंदुस्थानी मजूर मृत्यू पावले. आणखी ६,४५४ आजारी वा अपंग होऊन परत पाठवले गेले. सिंहांचे २८ बळी म्हणजे या मृत्यूंपैकी शंभरात जेमतेम एक. बाकीचे मलेरिया, आमांश, स्कर्व्ही आणि अपघातांनी गेले. दर किलोमीटरला अडीचहून अधिक माणसे. डासाने मारलेल्याची मात्र कथा होत नाही.

१०/ तुलनेसाठी : जून १९०० मध्ये किमा स्थानकावर पोलीस अधिकारी चार्ल्स रायल याला सिंहाने रेल्वेच्या डब्यातून ओढून नेले. नैरोबीत त्याची कबर आहे. त्यावर त्याचे नाव आणि मृत्यूचे कारण कोरलेले आहे. मजुरांच्या वाट्याला आली ती बेरीज.

११/ १९४८ साली त्सावो राष्ट्रीय उद्यान घोषित झाले. क्षेत्रफळ सुमारे २२,००० चौरस किलोमीटर, आजच्या ठाणे जिल्ह्याच्या पाचपट. इथे पिढ्यान्‌पिढ्या धनुष्यबाणाने हत्तींची शिकार करणारे वाटा लोक १९५० च्या दशकात ‘चोरटे शिकारी’ ठरले आणि तुरुंगात गेले. पर्यटकाला ‘अस्पर्श’ वाटणारे हे रान माणसे हटवून घडवलेले आहे.

१२/ मजुरांपैकी ६,७२४ जण आफ्रिकेतच राहिले. पूर्व आफ्रिकेतील हिंदी समाजाच्या जडणघडणीत त्यांचाही वाटा आहे.

१३/ म्हणून साहसकथा वाचताना दोन प्रश्न जवळ ठेवावेत : मोजले कोणाला, आणि नाव कोणाचे लिहिले? हे प्रश्न केवळ त्सावोसाठी नाहीत. कसाऱ्यापुढचे बोगदे ज्यांनी खोदले, त्यांच्यापैकी एकाचे तरी नाव आपल्याला सांगता येईल का?

(थ्रेड समाप्त)