माकड आणि लव्हाळा

शिरूरच्या घोडनदीकांठीं किंवा दौंडकडील भीमेच्या मळ्यांत लव्हाळा ठाऊक नाहीं असा शेतकरी विरळा. गवतासारखा दिसतो, पण गवत नव्हे; दांडा बोटांत फिरवला कीं तीन कडा लागतात. लिनीअसनें १७५३ सालीं त्याला 'सायपेरस रोटंडस' हें नांव दिलें. पुणें जिल्ह्याच्या डोंगरदेवळांपाशीं दिसणाऱ्या, डोक्यावर केसांची टोपी असलेल्या माकडाला शास्त्रीय नांव मिळावयास मात्र १८१२ साल उजाडलें. तें काम जॉफ्रॉय या फ्रेंच पंडिताचें.

लव्हाळा मारूं म्हटल्यानें मरत नाहीं. जमिनीखालीं त्याच्या गांठींची माळच असते. नांगरानें ती तुटली तर सुट्या गांठीही नवें रोप धरतात. (वैद्यांचा मोथा तो हाच.) जगांतील दुर्धर तणांत त्याची गणना होते, आणि आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या यादींत त्याच्याविषयीं चिंता नाहीं. मारुतीचें म्हणून ज्याला फुटाणे मिळतात तें माकड त्याच यादींत 'असुरक्षित' आहे. द्वीपकल्पी भारताबाहेर त्याला घर नाहीं. रस्ते रुंद करतांना वडांच्या रांगा गेल्या. उत्तरेकडील माकडांची जातही दक्षिणेस सरकत आली. तरी देवळापाशीं टोळी दिसतेच, म्हणून त्याची घट कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.