गडी

हाताखालचा पुरुष, सोबती, खेळाडू किंवा नुसताच पुरुष अशा अनेक अर्थांनी वापरला जाणारा मराठी शब्द. शेतावर किंवा घरात मोलाने राबणारा माणूस हा त्याचा ठळक अर्थ. तिथे तो वयाने थोराड असला, तरी मालकाच्या तोंडी ‘गडी’च राहतो. विदर्भ-मराठवाड्यातला सालगडी वर्षाच्या बोलीवर राहतो. हे साल बहुधा गुढीपाडव्याला सुरू होते आणि मोबदला रोख किंवा धान्यासह ठरतो. उचल घेतलेली असली, की ती फिटेपर्यंत त्याला धनी बदलणे अवघड जाते. ही बांधिलकी शब्दाच्या साधेपणात झाकली जाते, हे विसरता कामा नये. शहरी घरकामासाठी ‘घरगडी’ रूढ झाला.

खेळात मात्र उच्चनीच गळून पडते. कबड्डीत प्रत्येक बाजूचे सात गडी मैदानात उतरतात आणि क्रिकेटच्या बातमीत संघ ‘पाच गडी राखून’ जिंकतो. ‘सवंगडी’ म्हणजे बरोबरीचा मित्र. ‘गड्या’ ही जिव्हाळ्याची हाक. ग्रामीण बोलीत ‘गडीमाणसं’ म्हणजे केवळ पुरुषमंडळी. मोलाने राबणाऱ्या स्त्रीसाठी ‘मोलकरीण’ हा वेगळा शब्द आहे.