साखरेचे कवच

प्रतिपिंडे तयार होतात ती परक्या प्रथिनांविरुद्ध, असे वर्गात आपण सहज सांगून जातो. १९२३ पर्यंत बहुतेक शास्त्रज्ञही तसेच मानत. त्या वर्षी न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत ऑस्वल्ड एव्हरी आणि मायकेल हायडेलबर्गर यांनी न्यूमोनियाच्या जंतूभोवतीचे, म्हणजे न्यूमोकोकसचे कवच शुद्ध केले. त्यात प्रथिन नव्हते. होती ती बहुशर्करा : साखरेच्या रेणूंची लांबलचक साखळी. आणि प्रतिपिंडे तिलाच जाऊन चिकटत होती!

हे कवच जंतूच्या काय कामाचे? याचे उत्तर दलदलीतून मिळाले. एव्हरींचे सहकारी रेने द्युबो यांनी क्रॅनबेरीच्या मळ्यातल्या दलदलीच्या मातीतून कवच खाणारा एक जीवाणू शोधला. १९३० मध्ये त्याचे विकर उंदरांना टोचले, तर उंदीर वाचले. गंमत अशी, की हे विकर न्यूमोकोकसला मारत नाही, फक्त उघडे पाडते. पुढचे काम रक्तातल्या भक्षक पेशी करतात. कवच असताना त्यांना जंतू नीट पकडताच येत नाही. प्रतिपिंडे कवचाला चिकटली, की पकड मिळते.

मग शुद्ध कवच टोचून लस का करू नये? प्रौढांत ती चालली. पण न्यूमोनियाचा धोका सर्वांत जास्त असलेली दोन वर्षांखालची मुले तिला दाद देईनात. बाळाच्या बी पेशींना प्रतिपिंडे बनवण्यासाठी टी पेशींची मदत लागते, आणि टी पेशी ओळखतात मुख्यतः प्रथिनांचे तुकडे. साखरेला प्रथिन जोडले, तर बी पेशी साखर धरते, सोबतचे प्रथिन आत घेते आणि त्याचे तुकडे टी पेशीला दाखवते.

ही जोडणी एव्हरी आणि वॉल्टर गोबेल यांनी १९३१ मध्येच सशांवर करून पाहिली होती, घोड्याच्या रक्तद्रवातले प्रथिन वापरून. टी आणि बी पेशींची नावेही तेव्हा कुणाला ठाऊक नव्हती! पुढे पेनिसिलीन आले आणि न्यूमोनियाच्या लशींची निकड कुणाला वाटेना. माझ्या मते ही दिरंगाई फार महाग पडली. १९८० मध्ये जॉन रॉबिन्स आणि रेचेल श्नीरसन यांनी हिमोफिलस या दुसऱ्या जंतूसाठी तीच युक्ती वापरली. १९८७ मध्ये अमेरिकेत तशा लशीला परवाना मिळाला. एव्हरी १९५५ मध्येच वारले होते. हायडेलबर्गर मात्र १०३ वर्षे जगले, त्यांनी हे पाहिले.

न्यूमोकोकसची जोडलस २००० मध्ये आली, भारताच्या लसीकरण कार्यक्रमात २०१७ पासून. २०२० मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने स्वतःची लस आणली. तिच्यात दहा प्रकारच्या कवचांच्या साखरा आहेत, आणि घोड्याच्या प्रथिनाच्या जागी घटसर्पाच्या विषाचे निरुपद्रवी रूप.